उंबरठ्यावरचा उशीर



औषधांचा इतिहास आपल्याला थोडाफार माहीत असतो. देवीची लस जेन्नरने काढली, पेनिसिलिन फ्लेमिंगला सापडले, हे शाळेच्या पुस्तकात असते आणि गुरुजी ते परीक्षेला विचारतातही. पण घरात माणूस आजारी पडला म्हणजे पहिला प्रश्न औषधाचा नसतोच. पहिला प्रश्न असतो तो असा : आजची रात्र काढावी, की आत्ताच दवाखाना गाठावा? सासूबाई म्हणतात, सकाळपर्यंत बघू. मुलगा म्हणतो, कापणी तोंडावर आली आहे, दोन दिवस थांबू. शेजारी म्हणतो, अहो, आमच्या पोरालाही असंच झालं होतं, लागलं दोन दिवसांत खेळायला. या बोलण्यात रात्र निघून जाते. पुष्कळ वेळा काही बिघडत नाही. पण कधी कधी त्या एका रात्रीतच सगळे संपते.

घरी केव्हा थांबावे आणि केव्हा निघावे, या ज्ञानालाही इतिहास आहे. तो फार जुना नाही, आणि त्यातला बराचसा आपल्याच देशात, आपल्याच महाराष्ट्रात घडलेला आहे. आज तोच थोडक्यात सांगायचा आहे.

आरंभ एका मांडणीने करू. १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक स्त्रियांनी, बाळंतपणात बायका का दगावतात याचा विचार करताना, तीन उशीर सांगितले. पहिला उशीर घरात : दवाखान्यात न्यायचे हे ठरवण्याचा. दुसरा उशीर वाटेवर : गाडी, रस्ता, पैसा यांचा. तिसरा उशीर दवाखान्यात : डॉक्टर, रक्त, औषध वेळेवर न मिळण्याचा. दुसरा आणि तिसरा उशीर दूर करणे हे सरकारचे आणि समाजाचे काम आहे, आणि ते मागून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. पहिला मात्र उंबरठ्याच्या आतला आहे. तो का होतो, हे इतिहासात नीट दिसते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच महिन्यांत साथ पुण्यात शिरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि मार्चपासून पुण्यात रँडसाहेबाच्या कमिटीने गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या सुरू केल्या. काखेत किंवा जांघेत गाठ दिसली की रोग्याला इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना छावणीत ठेवायचे, असा तो खाक्या होता. माजघरात, देवघरात बूट वाजू लागले. लोकांनी काय केले? रोगी लपवले. इस्पितळ हे बरे होण्याचे ठिकाण न राहता, माणूस जिथून परत येत नाही असे ठिकाण झाले.

या भीतीला अगदीच आधार नव्हता असेही नाही. तेव्हा प्लेगवर इस्पितळातसुद्धा खात्रीचा इलाज नव्हता. प्लेगला आवरणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते १९४३ साली. आज प्लेग वेळीच ओळखला तर औषधाने बरा होतो. पण १८९७ च्या त्या अनुभवात एक चक्र आहे, आणि ते आजही गावोगाव फिरताना दिसते. भीतीमुळे रोग्याला शेवटच्या घटकेला नेतात. शेवटच्या घटकेला नेलेला रोगी दगावतो. मग लोक म्हणतात, बघा, दवाखान्यात गेला आणि मेला. पुढच्या वेळी आणखी उशीर होतो. म्हणजे उशिरातून भीती आणि भीतीतून उशीर!

हे चक्र सक्तीने तुटत नाही. ते ज्यांच्या हातून तुटते त्यांचे उदाहरण त्याच प्लेगात आहे. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे आणले. त्यातच त्यांना प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शिपाई उचलून नेतो आणि सावित्रीबाई उचलून नेतात, यांत जो फरक आहे तोच दवाखान्यावरच्या विश्वासाचा फरक आहे.

आता दुसऱ्या रोगाकडे वळू. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पटकी मात्र जाण्यासाठीसुद्धा थांबत नसे. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळी सरणावर, असा तो आजार. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, ओकाऱ्या, डोळे खोल, बोटांना सुरकुत्या, आणि शेवट. माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे, हे १८३१ साली ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासून सांगितले होते. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडात थॉमस लाटा याने मिठाचे पाणी शिरेतून देऊन पाहिले. पण शिरेतून पाणी द्यायला सुई, बाटली आणि जाणकार माणूस लागतो. जिथे पटकी येते तिथे या तिन्ही गोष्टी क्वचितच असत.

मग तेच पाणी तोंडाने का देऊ नये? नुसते मिठाचे पाणी पाजले तर जुलाबात आतडे ते नीट शोषून घेत नाही. त्यात साखर असली म्हणजे आतडे साखरेबरोबर मीठही आत ओढते, आणि मिठामागे पाणी जाते. १९५३ साली कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी असे पाणी रोग्यांना पाजून त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९६८ साली ढाक्याला नलिन आणि कॅश या डॉक्टरांनी ते प्रयोगाने पक्के केले. तरीही पुष्कळ वैद्यकतज्ज्ञ म्हणत, हे काम घरच्या माणसांवर कसे सोपवायचे?

उत्तर मिळाले ते १९७१ साली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथे पटकीची मोठी साथ पसरली. लहानसे इस्पितळ, जमिनीवर रांगेने पडलेले रोगी, आणि शिरेतून द्यायच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस तेथे होते. त्यांनी कलकत्त्याला मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या भरवल्या. ते पाणी पिंपांत कालवले आणि रोग्यांच्या आईबापांना, भावाबहिणींना सांगितले, तुम्हीच पाजा. तिथला मृत्यूचा आकडा शंभरात तीसच्या आसपास होता, तो चारच्याही खाली आला. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने या शोधाला विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

या हकिकतीतून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, जुलाब लागले की त्याच क्षणी घरात काम सुरू होते. दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून मिळणारी जलसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, अख्खी कालवावी आणि चोवीस तासांत संपवावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. माप चुकवू नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. अंगावरचे दूध, पेज, पातळ वरण चालू ठेवावे. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवणे ही जुनी चूक आहे. आणि जरा अशक्तपणा आला की "डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा" असा हट्ट धरणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्याला तोंडाने पिता येते त्याला बहुधा बाटलीची गरज नसते.

दुसरी गोष्ट अशी की, या पाण्यालाही मर्यादा आहे. मूल प्यायला उठत नाही, प्यालेले सगळे ओकते, डोळे आणि टाळू खोल गेले, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, लघवी थांबली, शौचात रक्त आले, मूल मलूल पडले. यांतले एक जरी दिसले तरी निघायचे. निघताना पाण्याचे भांडे बरोबर घ्यायचे आणि वाटेत चमच्याने पाजत राहायचे.

तिसरी हकिकत श्वासाची. लहान मुलांना सर्दी-खोकला वर्षातून किती वेळा होतो, हे कोणत्याही आईला विचारा. प्रत्येक खोकल्याला कोण दवाखान्यात नेणार? पण त्याच खोकल्यातल्या एखाद्याचा न्यूमोनिया होतो. पूर्वी तो ओळखायचा म्हणजे डॉक्टरची नळी किंवा क्ष-किरणाचे यंत्र हवे, अशी समजूत होती. पापुआ न्यू गिनी या दूरच्या बेटावर फ्रँक शान या डॉक्टरने दाखवले की खोकणाऱ्या मुलाचा श्वास नुसता मोजला तरी बराच निवाडा होतो. त्यांचा निबंध १९८४ साली निघाला, आणि त्याचा विषयच हा होता की कोणत्या मुलाला औषध द्यावे आणि कोणाला इस्पितळात ठेवावे.

हे ज्ञान आपल्याकडे खेड्यापर्यंत आणले गडचिरोलीत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. गावातल्या माणसांना श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. ज्यांना जेमतेम दहापर्यंत मोजता येते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी लावलेले एक साधे उपकरण त्यांनी केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, काम झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने निम्म्याहून कमी होते. पुढे आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या गावच्याच स्त्रियांनी नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली. १९९९ चा अहवाल सांगतो की तेथे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून याच धर्तीवर देशभर आशाताई घरोघर जाऊ लागल्या.

गडचिरोलीतली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आदिवासींना मोठ्या इमारतीचे इस्पितळ परके वाटते, म्हणून 'सर्च'चा दवाखाना त्यांच्या गावातल्या झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. मघाशी सांगितलेले भीतीचे चक्र असे तुटते.

श्वासाचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. मूल शांत असताना, रडत नसताना, पुरे एक मिनिट पोटाकडे पाहून मोजायचे. दोन महिन्यांच्या आतले तान्हे असेल तर मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना फासळ्यांखाली खळगा पडत असेल, कण्हण्याचा आवाज येत असेल, ओठ निळे पडले असतील, तर त्याच तासाला. तान्ह्या बाळाने दूध ओढणे सोडले, अंग गार किंवा फार गरम लागले, किंवा ते लुळे पडले, तर श्वास मोजत बसायचेसुद्धा कारण नाही. आणि पोटावर डागण्या देणे ही रीत जिथे अजून उरली असेल तिथे ती आजच थांबली पाहिजे. आधीच धापणाऱ्या लेकराला तो दुसरा घाव असतो.

चौथी हकिकत कोकणातली. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर काम करू लागले. त्या भागात लाल विंचू फार. विंचवाने माणूस मरतो हे गावाला माहीत होते. का मरतो, हे पुस्तकातही नीट नव्हते. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून टिपणे केली. दंशाच्या जागी नुसत्या वेदना असतील तर जिवाला बहुधा धोका नसतो. पण दरदरून घाम, हातपाय गार, तोंडाला लाळ, ओकाऱ्या आणि मग फेसाळ खोकला ही लक्षणे म्हणजे विष हृदयाला आणि फुप्फुसाला भिडल्याची खूण. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन हे औषध त्यांनी अशा रोग्यांना दिले आणि १९८६ साली त्याविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पूर्वी ज्या रोग्यांची आशा सोडावी लागे त्यांतले बहुतेक आता उठून घरी जाऊ लागले. अट एकच : वेळेवर पोचण्याची. विंचू उतरवण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

सापाचे तर त्याहून कठीण. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार २००५ साली भारतात सर्पदंशाने सुमारे ४६,००० माणसे मेली, आणि त्यांतली चारांपैकी तीनांहून अधिक दवाखान्याबाहेर मेली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. साप कोणता हे ओळखण्यासाठी त्याला मारायला धावण्याची गरज नाही. दंश झालेला हात-पाय हलू न देता, अंगठी-कडी काढून, निघायचे. आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांनी नुकसानच होते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा धड खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, घास गिळवत नाही. अशा वेळी ओवा चावत बसू नये.

आता थोडे मोठ्यांच्या दुखण्याविषयी, कारण घरातली कर्ती माणसे स्वतःचे दुखणे अंगावर काढण्यात पटाईत असतात. मेंदूतली शीर गुठळीने तुंबली तर ती विरघळवणाऱ्या औषधाचा उपयोग होतो हे १९९५ साली सिद्ध झाले. पण ते औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके बरे. तेव्हा एकाएकी तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर वारे गेले म्हणून तेल चोळत बसू नका. घड्याळ पाहा आणि मोठा दवाखाना गाठा. छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, याला पित्त म्हणून सोडा-लिंबू घेत थांबू नये. गरोदर बाईला रक्त जाऊ लागले, झटका आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा कळा बारा तासांहून लांबल्या, तर मुहूर्त, वार, नवऱ्याची वाट, यांतले काहीही पाहू नये. ताप साधा असेल, मूल खेळत-पीत असेल, तर एक-दोन दिवस घरी बघायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशीही ताप हटला नाही तर रक्त तपासून घ्यावे. मान ताठली, झटके आले, नाका-हिरड्यांतून रक्त आले किंवा शुद्ध हरपू लागली, तर पहिल्याच दिवशी निघावे.

या सगळ्या हकिकतींत एक समान धागा आहे. बनगावची पुडी, गडचिरोलीचे मणी, बिरवाडीची टिपणे : प्रत्येक ठिकाणी कोणीतरी रोग्याच्या घरच्यांना विचारात घेतले आणि डॉक्टरजवळचे थोडे ज्ञान त्यांच्या हातात दिले. घरी काय करायचे हे ज्याला कळते त्यालाच घर केव्हा सोडायचे हेही कळते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणूनच एक विनंती आहे. गणिताच्या एका तासाला मुलांना घड्याळ घेऊन एकमेकांचे श्वास मोजू द्या. मिठा-साखरेचे पाणी वर्गात करून दाखवा. ६०, ५०, ४० हे तीन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर राहू द्या. खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहा. मुले घरी जाऊन सांगतात, आणि नातवाचे आजी ऐकते.

आणि घरच्या कर्त्या मंडळींनी आज रात्री जेवणे झाल्यावर एवढेच ठरवून ठेवावे : वेळ आली तर गाडी कोणाची, मोडायचे पैसे कोणते, मागे गुरे-पोरे कोण सांभाळणार, आणि निघायचे हे कोण सांगणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, जो रोग्याजवळ बसलेला आहे तोच, असे असू द्या. बहुधा ती घरातली बाई असते. ती म्हणाली की चला, तर मग चला.